कागदोपत्री एकोणीस

वीस वर्षांखालील मुलामुलींची जागतिक मैदानी स्पर्धा १९८६ साली अथेन्सला सुरू झाली. तिचा नियम साधा आहे: स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूला विसावं वर्ष पूर्ण झालेलं नसावं. नियम करणाऱ्यांची समजूत दिसते की माणूस एकदाच जन्मतो. आपल्याकडे तो दोनदा जन्मतो, एकदा घरी आणि एकदा शाळेच्या दाखल्यावर. महाराष्ट्रात तर अख्ख्या पिढ्या १ जूनला जन्मल्या. बाप पोराला घेऊन शाळेच्या दारात उभा राहायचा. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, जन्मतारीख १ जून, पुढचा कोण?

ते बिचारे गुरुजी निदान निरागस होते. आताच्या ज्युनिअर स्पर्धांतल्या जन्मतारखा गरजेपोटी जन्मतात. मोठ्यांच्या गोळाफेकीतला गोळा ७.२६ किलोचा, वीसखालच्या मुलांचा ६ किलोचा. मोठ्यांचा अडथळा १०६.७ सेंटिमीटर उंच, मुलांचा ९९. म्हणजे तेवीस वर्षांच्या दाढीवाल्याने एकोणीसचा दाखला आणला, तर गोळा सव्वा किलोने हलका होतो आणि अडथळा वीतभर नाही तरी चार बोटं खाली येतो. इतका परिणाम वर्षभराच्या व्यायामानेही होत नाही. म्हणून काही प्रशिक्षक खेळाडूच्या पायांआधी त्याच्या कागदपत्रांवर मेहनत घेतात.

यात विज्ञानाने खोडा घातला. खालच्या वयोगटांत आता मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडांच्या टोकाशी असलेली कूर्चा वयाबरोबर भरून येते, त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. कानाची जागा मनगटाने घेतली, एवढाच काय तो फरक. पण या मनगटाला कुणाची शिफारस चालत नाही. ते ना सरपंचांचं ऐकतं, ना जिल्हा संघटनेच्या सचिवांचं.

एवढा खटाटोप कशासाठी? पदकासाठी, असं मानणारे भोळे आहेत. खटाटोप असतो प्रमाणपत्रासाठी. दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हे धोरण चांगलंच आहे, कुणी नाही म्हणत नाही. मात्र काही वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या लाटल्याचं प्रकरण निघालं, तेव्हा अनेकांना ट्रॅम्पोलिन नावाचा खेळ असतो हे प्रथमच कळलं. त्यांत काही प्रमाणपत्रधारकही असावेत. वय खोटं सांगणारा निदान मैदानावर येऊन पळतो तरी! त्याच्याबद्दल एकाएकी आदर वाटू लागतो.

पळण्याच्या बाबतीत दिल्लीला तोड नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथली राज्य स्पर्धा चालू असताना स्टेडियमच्या स्वच्छतागृहात पडलेल्या सिरिंजची चित्रफीत बाहेर आली आणि शेवटच्या दिवशी उत्तेजकविरोधी संस्थेचे अधिकारी दाखल झाले. मैदान बघता बघता ओस पडलं. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. ज्युनिअर मुलींच्या स्टीपलचेसमध्ये एक मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही थांबेना. नमुना घ्यायला आलेला अधिकारी मागे, ती पुढे. स्टीपलचेस तीन हजार मीटरची असते, या दोघांनी पुढे किती मीटर घातले त्याची नोंद नाही. हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. ज्युनिअर गटातल्या मुलीला सुईची वाट कुणी दाखवली? त्या माणसाचा नमुना कुणीच घेत नाही.

आणि या सगळ्या गर्दीतून खरोखर विशीच्या आतला एखादा निघतोच. २३ जुलै २०१६ ला पोलंडमधल्या बिडगॉश्चला याच जागतिक स्पर्धेत नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकला. वीसखालच्यांचा जागतिक विक्रम, सुवर्णपदक. रिओ ऑलिंपिकसाठी ८३ मीटरची अट होती, तिच्या साडेतीन मीटर पलीकडे. पण पात्रतेची मुदत ११ जुलैला संपली होती. बारा दिवस! आपल्याकडच्या कुठल्याही हेडमास्तरांनी चहा संपायच्या आत ते मागे नेऊन दिले असते. नेमकी हीच तारीख त्यांच्या हातात नव्हती. रिओत कांस्यपदक मिळालं ८५.३८ मीटरला, केशॉर्न वॉलकॉटला. हा वॉलकॉट त्याआधी चार वर्षं बार्सिलोनात ज्युनिअर विश्वविजेता झाला आणि महिनाभरात लंडनला ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेला, तेही एकोणिसाव्या वर्षी. त्रिनिदादवाल्यांनी त्याच्या वयाला हात लावला नाही, तरी त्याचं काही अडलं नाही.

दुसरं उदाहरण हिमा दासचं. आसाममधल्या धिंगची ही मुलगी २०१८ मध्ये फिनलंडच्या टाम्पेरेत याच जागतिक स्पर्धेच्या चारशे मीटरच्या अंतिम फेरीत पोचली. या स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत भारताला तोवर एकही सुवर्ण नव्हतं. अशा क्षणी आपल्या ॲथलेटिक्स महासंघाला काय सुचावं? महासंघाने ट्विटरवर जगाला कळवलं की तिचं इंग्रजी फारसं सफाईदार नाही, पण तिथेही तिने प्रयत्नांची शर्थ केली! लोक खवळले आणि महासंघाने माफी मागितली. खवळलेल्यांत आपण सारेच होतो. पदक मिळाल्यावर हेच आपण सारे गूगलकडे वळलो आणि तिच्या नावापुढे जात शोधू लागलो, अशा बातम्या त्याच आठवड्यात छापून आल्या.

१२ जुलैच्या त्या शर्यतीत शेवटच्या वळणापर्यंत ती मागे होती. सरळ पट्ट्यात तिने एकेकीला मागे टाकलं आणि सुवर्ण घेतलं. वेळ ५१.४६ सेकंद. तिच्या जातीचा शोध घेणाऱ्यांना हा आकडाही त्याच पानावर, जरा खाली सरकलं की, सापडेल.