पाव फेरा डावीकडे

गाण्याचा कान मला नाही. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाने माझ्याकडे टाळ दिले आहेत ते वाजवायला नव्हे, सांभाळायला. पण बाजारपेठेच्या त्या टोकाला कुणी चेन सॉ सुरू केला, तर इथे काउंटरवर पॅरासिटामॉलची पट्टी कापता कापता मी सांगतो, "लीन चाललंय. सीझ होणार." समोरचं गिऱ्हाईक दचकून विचारतं, "कुणाला काय होणार?" मी हसतो. ते हसू कसं दिसतं, हे बायकोने मला एकदा आरशासमोर उभं करून दाखवलं आहे.

धंदा औषधांचा, छंद कटरचा, म्हणजे चेन सॉचा. माझ्या मालकीची बाग नाही, रान नाही. परसात एक शेवगा आहे आणि तो वाऱ्यानेच मोडतो. तरी पडवीत तीन मशीनं, बिस्किटाच्या डब्यात जुने कार्बोरेटर आणि भिंतीवर जाडीप्रमाणे टांगलेल्या गोल कानशी: ४, ४.८, ५.२ मिलिमीटर. लाकूड मी सहसा कापत नाही. मशीन नीट लागलंय की नाही ते पाहायला लाकूड लागतं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. पावसाळ्यात आमच्या राजापुरात अर्जुना-कोदवली नद्या फुगल्या आणि जवाहर चौकात पाणी आल्याची हाक आली, की सगळे दुकानदार माल माळ्यावर चढवतात. मीही चढवतो. आधी बिस्किटाचा डबा, मग इन्सुलिन.

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात: एल, एच आणि एलए. पहिला मंद चालीचा, तिसरा मशीन नुसतं तग धरून ठेवण्याचा. खरा कारभारी एच. पूर्ण वेगात पेट्रोल किती जायचं ते तो ठरवतो. तो आवळत गेलं की पेट्रोल कमी होतं, आवाज चढतो, आणि मशीनचा धनी खूश होतो: "आता कसं पळतंय!" पळतंय खरं, पण मरायला पळतंय. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेणारं इंजिन आतून कोरडं पडलं की मग दोरी ओढणाऱ्याचा खांदा निखळेल, पिस्टन हलणार नाही.

नीट लागलेलं मशीन मोकळं फिरवलं तर वरच्या टोकाला जरा घोगरं, अडखळत बोलतं. लाकडात घातलं की घसा साफ होतो. ती जागा सापडायला एचचा अष्टमांश फेरा इकडे की तिकडे, एवढाच प्रश्न असतो. ती शोधताना मी डोळे मिटतो. डावा हात आपोआप वर जातो. सापडली की तोंडून "हां" निघतो. एवढ्या सगळ्याची गरज काही नसते. टॅकोमीटर लावला तर फेरे आकड्यात दिसतात. टॅकोमीटर माझ्याकडे आहे. तो मी नंतर लावतो, लोक जमले असतील तर. ह्याच कानाला स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्ट्या कशा ऐकू येत नाहीत, हा घरातला जुना वाद आहे आणि तो इथे नको.

सायलेन्सरचं भोक मोठं केलं की मशीनचा जोर वाढतो. मग हवा जास्त खेळते म्हणून एच पुन्हा लावावा लागतो, म्हणजे एका सुखात दुसरं. माझ्या एका मशीनवर हा प्रयोग मी केला आहे. शेजारच्या काकूंनी त्यानंतर पापड गच्चीवर घालणं सोडलं. आवाजाने पापड का बिघडावेत हे मला कळलेलं नाही, पण विचारायची सोय राहिलेली नाही.

तेलाच्या बाबतीत मात्र माझी विनोदबुद्धी संपते. ५० भाग पेट्रोलला १ भाग टू-टी ऑईल, म्हणजे लिटरला २० मिली. दुकानात सिरिंजा असतातच. येईल त्याला मी एक फुकट देतो. पुढच्या खेपेला मशीन जाम होऊन येतं आणि विचारलं की उत्तर मिळतं, "टाकलंय ना भाऊ, अंदाजान." ह्याच गृहस्थाला मी पोराच्या तापाचं औषध अंदाजाने पाज म्हटलं, तर मला चौकात उभा करील. त्यात आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि राजापूरच्या जुलैत हवेत पाण्याशिवाय दुसरं असतं काय? कार्बोरेटरात एक पातळ पडदा असतो. त्याच्यामुळे मशीन आडवं, उलटं, कसंही धरलं तरी चालतं. तो ताठरतो. मग मशीन सुरू होण्याचं आमच्या राजापूरच्या गंगेसारखं होतं. येईल तेव्हा येईल, मध्ये तीन वर्षंही जातील.

आता भिरडाकडे वळू. (बायको म्हणते, वळू नका. पण ती हे वाचणार नाही.)

आंबेवाल्यांना भिरूड सांगायला नको. खोडाशी भुसा पडलेला दिसला की धनी तार घेऊन धावतो, भोकात घालून अळी ओढून काढतो, औषधाचा बोळा कोंबतो, भोक चिखलाने लिंपतो आणि सगळा वेळ भिरडाच्या आईबापांची आठवण काढतो. तर १९४६ साली अमेरिकेत, ऑरेगॉन राज्यात, जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडता फोडता थांबला आणि असल्याच एका अळीकडे बघत बसला. बोटाएवढी अळी, पण भक्कम लाकडातून हवी तिकडे चालली होती. लाकडाच्या रेषेबरोबर आणि रेषेला आडवीही. तेव्हाच्या साखळ्यांना हातकरवतीचे टोकदार दात असत. ते लाकूड ओरखडत आणि सारखी कानस मागत. अळीला कानस लागत नव्हती. तिच्या जबड्याचे दोन वाकडे आकडे, एक डावा, एक उजवा, आळीपाळीने लाकूड काढत होते. कॉक्सने ते जबडे घराच्या तळघरात पोलादातून घडवले आणि १९४७ साली पहिली साखळी विकली. आजही चेन सॉच्या साखळीवर एक दात डावा, एक उजवा असतो, तो त्या अळीच्या कृपेने.

हे मी सगळ्यांना सांगतो. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्याला सांगतो. त्याला मध्ये बोलता येत नाही. मेव्हण्याच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं, जिलेबी वाढेपर्यंत. आणि सांगताना दर वेळी मला वाटतं, हा शोध आपल्याकडे लागायला हवा होता. आपल्याकडे काय भिरडांचा तुटवडा होता? पिढ्यान्‌पिढ्या आपण अळी ओढली आणि ठेचली. तिच्या तोंडात डोकावायचं कुणाला सुचलं नाही. मी डोकावलो. एका बागायतदाराकडून जिवंत अळी मागून आणली, बरणीत आंब्याच्या ओंडक्याच्या तुकड्याबरोबर ठेवली आणि भिंग घेऊन बसलो. रात्री निजानीज झाल्यावर बरणीला कान लावला तर कुरतडणं चक्क ऐकू येत होतं. बायको पाणी प्यायला उठली. मला बघून म्हणाली, "हिचं पण ट्यूनिंग करायचंय?" गरज नव्हती. उत्तम लागलेली होती.

खरी गंमत पुढेच. आभाळाला गेलेल्या जुन्या हापूसचं पुनरुज्जीवन करायचं तर फांद्या छाटा, असं दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं, आणि ही छाटणी आता बहुतेक ठिकाणी चेन सॉनेच होते. छाटलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावली नाही, नीट लक्ष ठेवलं नाही, तर तिथे राहायला येतो तो भिरूडच. त्याच्या जबड्याची नक्कल करून आपण झाड कापायचं आणि कापलेल्या झाडात त्याने बिऱ्हाड करायचं. रॉयल्टी म्हणा.

असो. मध्यंतरी एकाने नवंकोरं परदेशी मशीन आणलं. झाकण काढतो तर स्क्रूच नाहीत. हस्क्वार्नाचं ऑटोट्यून म्हणा, स्टिलचं एम-ट्रॉनिक म्हणा, त्या जातीत पेट्रोल किती सोडायचं ते मशीनच्या पोटातला संगणक ठरवतो. सवयीने मी डोळे मिटले, हात वर केला, पण फिरवू काय? शेवटी एअर फिल्टर झटकून दिला आणि म्हटलं, "आता बघा फरक." त्याला फरक जाणवला. चांगला माणूस.

माझ्या छंदाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती वादळाने. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या, तेव्हा आम्ही लांबून हळहळलो. १६ मे २०२१ला तौक्ते आमच्याच किनाऱ्याला घासून गेलं. रस्त्यांवर झाडं, कौलांवर झाडं, तारांवर झाडं. कुऱ्हाडीने किती तोडणार? ज्याच्या त्याच्या माळ्यावरचे कटर खाली आले, त्यातले निम्मे सुरू होईनात, आणि ते माझ्या पडवीत येऊन पडले. वीज गेलेली, पेट्रोलजवळ मेणबत्ती लावायची सोय नाही. बायको विजेरी धरून शेजारी उभी राहिली. मी कार्बोरेटर धुवायचा, तिने उजेड द्यायचा, दारात उभ्या असलेल्याने मशीन उचलून अंधारात पळायचं. त्या रात्री कुकरचं नाव निघालं नाही.

इथवर सगळं गोड आहे.

शिमगा झाला आणि समोरच्या डोंगरातलं रान ठेकेदाराला गेलं. खाजगी रान, हिस्सेदार पाच, सगळे मुंबईला. झाडांचे पैसे येतायत तर कोण नको म्हणणार? १९६४चा झाडं तोडण्यावरचा कायदा आहे, त्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ आहेत; त्यांच्या परवानग्याही काढल्या असतील. सकाळी मी दात घासत होतो आणि डोंगरातून मशीन ऐकू आलं. वर जरा घोगरं, लाकडात साफ. वा! काय लागलंय! ब्रश तोंडात धरून मी दाद दिली. दुसऱ्या झाडाला ओळख पटली. लावणारा मीच होतो.

मग दिवसभर ऐकत राहिलो, न ऐकून सांगतो कुणाला. मशीन थांबतं, जरा वेळ काहीच नाही, मग झाड कोसळल्याचा आवाज. पुन्हा दोरी ओढली की पहिल्या ओढीला सुरू. तेही माझंच कर्तृत्व. महिन्याभरात डोंगराचा कातळ दिसायला लागला. लाकडाचे ट्रक अणुस्कुरा घाट चढून गेले. घाटावरचा ऊस इथेनॉल होऊन माझ्या कार्बोरेटरात उतरतो, आमचा डोंगर ट्रकात बसून वर जातो, आणि मागे उरलेली माती पहिल्या पावसात नदीत येते. नदीचं पात्र गाळाने वर येतं, पाणी चौकात शिरतं, मी इन्सुलिन माळ्यावर चढवतो. कुऱ्हाडीने हेच रान उतरवायला दोन-तीन उन्हाळे गेले असते. तेवढ्यात एखाद्या हिस्सेदाराचं मन फिरलं असतं, लाकडाचा भाव पडला असता, एखादा जाड किंजळ गड्याला कंटाळा आला म्हणून राहिला असता. नीट लागलेल्या मशीनला कंटाळा येत नाही.

पावसाच्या तोंडावर तोच मशीनवाला पोरगा आला. पलीकडच्या वाडीतला, ठेकेदाराकडे रोजावर. त्याला काय बोलणार? मशीनच्या थरथरीने त्याच्या हातांना मुंग्या येतात, त्याच्या गोळ्या तो माझ्याकडूनच नेतो.

"भाऊ, जोर जरा कमी वाटतोय ओ. दुसरा डोंगर घेतलाय."

मी मनाशी ठरवलं. एच पाव फेरा डावीकडे. डावीकडे म्हणजे पेट्रोल जास्त, जोर कमी. इंजिनाला धोका नाही, पोराच्या रोजाला धक्का नाही. मशीन फक्त धूर ओकत, रेंगाळत चालेल आणि दिवसाला चार-दोन झाडं तरी उद्यावर जातील. आमच्या धंद्यात ह्याला डोस कमी करणं म्हणतात. फिरवला. "ने," म्हटलं.

त्याने अंगणातच सुरू केलं. भसाडा, बसलेला आवाज, निळा धूर. बेड्याशी दोघे-तिघे उभे होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "भाऊंचा कान गेला वाटतं."

"ए, थांब," मी ओरडलो. "आण इकडे ते."

अष्टमांश उजवीकडे. मग आणखी तेवढंच. मग केसभर. टॅकोमीटरही लावला, लोक जमलेच होते.