कुलूपबंद प्रयोगशीलता

अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला केंद्राकडून 20 लाखांपर्यंत अनुदान मिळते. सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने करून शिकावे, हा हेतू. आमच्या गावच्या शाळेने तो हेतू कुलपात सुरक्षित ठेवला, याबद्दल जाहीर अभिनंदन! रेझिस्टर न लावता एलईडी थेट बॅटरीला जोडला तर जळू शकतो. इथे आजवर एकही जळलेला नाही. आर्डुइनोची सुबक व नामनिर्देशित आकृती मात्र सर्वांना येते (पेनाने काढल्यास अर्धा गुण कमी). पुढील वर्षापासून सोल्डरिंगही तोंडी घेण्याचा मानस आहे. परवा पाहणीला साहेब आले आणि किल्लीच सापडेना. वडिलांच्या मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या सातवीतल्या पोराने तारेने कुलूप उघडून दिले. साहेब प्रसन्न झाले. पोराच्या पालकांना सोमवारी बोलावले आहे.