कुंकू, बुक्का आणि व्हाइट बॅलन्स

कॅमेरा आपण होऊन काही ठरवीत नाही, समोर जे असेल तेवढेच इमानेइतबारे नोंदवून घेतो, अशी जी एक भाबडी श्रद्धा आपल्या समाजात अद्याप नांदते आहे, तिचे मूळ शोधू गेल्यास ते 'ऑटो व्हाइट बॅलन्स' नामक एका अदृश्य कारकुनाच्या कर्तबगारीत सापडेल. हा गृहस्थ कॅमेऱ्याच्या उदरात बसून प्रत्येक दृश्याची छाननी करतो आणि 'पांढरे ते पांढरेच दिसले पाहिजे' या एकाच कलमाचा अंमल करतो. संध्याकाळचे सोनेरी ऊन त्याला गैरशिस्त वाटते. आणि सोमवती अमावास्येस जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा उधळला जाऊन माणसे, दगड व आकाश ही तिन्ही एका हळदीत न्हाऊन निघाली, म्हणजे तर इतके पिवळे जग कायदेशीर असणे शक्यच नाही अशी त्याची खात्री पटते. मग तो त्यातला बराचसा पिवळेपणा जप्त करतो आणि मल्हारीच्या भक्तांना दवाखान्यातल्या फिकट उजेडात उभे करतो.

रस्त्यावरची छायाचित्रे काढणाऱ्याने या कारकुनास सक्तीच्या रजेवर पाठवून रंगाचा कारभार स्वतःकडे घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारच्या उन्हाचे रंगमान सुमारे ५५०० केल्विन, जुन्या तारेच्या बल्बचे ३००० च्या आसपास; हा आकडा आपल्याला हवा तो लावण्याची मुभा बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. मात्र येथला कायदा उफराटा आहे. आकडा चढवला की चित्र पिवळे होते आणि उतरवला की निळे. कारण 'उजेड फार पिवळा आहे हो' असे खोटे प्रतिज्ञापत्र आपण यंत्रास दिले की ते बिचारे भरपाईदाखल निळा रंग ओतत सुटते. भर दुपारी लक्ष्मी रस्त्यावर ३२०० चा आकडा लावून प्रकाश थोडा कमी घेतला, तर सबंध रस्ता उत्तररात्रीच्या चांदण्यात बुडतो आणि लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली अब्रूदार कुटुंबे दरोड्याच्या बेतात असल्यासारखी दिसू लागतात. बस्त्याचा खर्च पाहता हे चित्र अगदीच असत्य म्हणवत नाही.

यावर 'रॉ' पंथाच्या लोकांचा आक्षेप ठरलेला असतो: रस्त्यावर कशाला घाई, कच्चा दस्तऐवज घरी न्यावा आणि संगणकावर बसून रंगांचा सावकाश फैसला करावा. हे तत्त्वतः बिनतोड आहे. जेपेग हा सही-शिक्क्यानिशी दिलेला निकाल असून त्यावर अपिलाला फारसा वाव नसतो, तर रॉमध्ये अपिलाची मुदत कधीच संपत नाही. परंतु ज्याला अमर्याद मुदत मिळते तो माणूस निकालच देत नाही, असा अनुभव आहे. माझ्या परिचयातील एका रॉ-पंथी सद्गृहस्थांची आषाढी वारीची छायाचित्रे पुढची वारी आळंदीहून निघाली तरी 'रंग बसवण्याच्या' अवस्थेत होती. शिवाय यात एक मोठी गोष्ट नजरेआड होते. सेटिंग आधी लावले, की समोरचा रस्ता पडद्यावर त्याच रंगात दिसू लागतो आणि मग एरवी ज्याकडे ढुंकूनही पाहिले नसते ते दिसते. घरी बसून रंग बदलता येतील. रस्त्यावर उभे असताना जी वस्तू पाहिलीच नाही, ती कोठून आणणार?

याचा पडताळा घ्यायचा तर पंढरपुरास जावे. तेथील दुकानांत हळद, कुंकू आणि बुक्का यांच्या राशी शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. कॅमेरा कृष्णधवल करून त्यातला लाल फिल्टर लावला, की तांबड्याला उजळपणा येतो आणि कुंकवाची रास पाहता पाहता पांढरी होते. हळदही तिच्यामागून जाते. बुक्का तेवढा आपला काळेपणा सोडत नाही. मी हा चमत्कार एका दुकानदारास पडद्यावर दाखवला, तेव्हा तो क्षणभर निरखून म्हणाला, "माउली, ह्यो रवा कुणाच्या दुकानातला?" मग हिरवा फिल्टर लावला. त्याने तांबडा रंग गिळून टाकला आणि कुंकू बुक्क्याचे जुळे भावंड झाले. "आता दोन्हीकडं बुक्काच झाला की! गिऱ्हाईक भांडंल ना." एवढी नेमकी समीक्षा मी छायाचित्रांच्या प्रदर्शनातही ऐकलेली नाही. लाल फिल्टरच्या या गुणामुळे सुवासिनींच्या कपाळावरचे कुंकूही जवळजवळ अदृश्य होते, हे लक्षात ठेवावे. आमच्या मावशींनी तसे आपले छायाचित्र पाहून काकांच्या हयातीतच हे काय, असा जाब विचारला होता, आणि त्यावर तरंगलांबीचा खुलासा उपयोगी पडला नाही. त्यापेक्षा पणजीच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म बरी. तिला तांबडे दिसतच नसे, म्हणून जुन्या छायाचित्रांत कुंकू ठसठशीत काळे उमटले आहे.

फिल्मच्या त्या जमान्यात पूर्वग्रह विकत मिळत असे. एकदा रीळ भरले की छत्तीस चित्रांपुरता तोच अमल. छायाचित्रकार रघुबीर सिंह कोडॅक्रोम फिल्म घेऊन हिंदुस्थानच्या रस्त्यांवर हिंडले, आणि कृष्णधवल म्हणजेच कला असे मानणाऱ्या पाश्चात्त्य दरबारात त्यांनी रंगाची बाजू मांडली. न्यूयॉर्कचे सॉल लायटर मुदत उलटून गेलेली फिल्म वापरीत आणि तिचे बिघडलेले रंग आपलेसे करीत. आज फूजीने आपल्याच जुन्या फिल्मांची नावे कॅमेऱ्यातल्या सेटिंगांना दिली आहेत. १९९० साली आलेली वेल्व्हिया आता बटणावर मिळते, आणि दर चित्रागणिक मत बदलण्याची सोय झाली आहे. ही सोय वापरू नये. एक सेटिंग लावून दिवसभर तेच निभावून न्यावे.

माझी पसंती गडद सावल्यांच्या सेटिंगला आहे, आणि तिचे कारण सौंदर्यशास्त्रात नसून नगरपालिकेच्या हद्दीत आहे. आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक सुंदर दृश्यामागे वाढदिवसाचा एक फ्लेक्स असतो, त्यावर हात जोडलेले नेतृत्व असते, आणि त्याखाली पासपोर्ट आकाराच्या शुभेच्छुकांची पलटण असते. कोणताही अर्ज करून तो उतरत नाही. परंतु प्रकाश उन्हाच्या मापाने घेऊन सावल्या होतील तेवढ्या गडद केल्या, की सावलीत टांगलेला फ्लेक्स शुभेच्छुकांसह काळोखात विलीन होतो, आणि उन्हाच्या पट्ट्यात भाजीवाली एकटी उरते. फ्लेक्स उन्हात असेल, तर कॅमेरा कृष्णधवल करावा. भगवे, हिरवे, निळे असे सारे पक्ष राखी रंगात युती करतात.

वाचकांपैकी कोणी दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फुलबाजारात कॅमेरा घेऊन जाणार असेल, तर त्यास एक विनंती आहे. तेथे वेल्व्हिया लावू नये. झेंडूला अंगचाच रंग एवढा असतो की आणखी मात्रा चढवल्यास पाकळ्या नाहीशा होऊन नुसता नारिंगी डाग उरतो. तेव्हा रंगाचा आकडा दोन पायऱ्या उतरवावा, पाटी घेऊन येणाऱ्या हमालाची वाट अडवू नये, आणि फोटो काढून झाल्यावर निदान पावशेर फुले विकत घ्यावीत.