दोनदा की दर दोन तासांनी?

"अगं, कळलं का तुला? आमच्या पुतण्याने कालपासून पाणी सोडलंय."

काकू भिंतीवर कोपर टेकून बोलू लागल्या की हातातलं काम खाली ठेवावंच लागतं. कामतघरच्या आमच्या गल्लीत दिवसरात्र लूमची खडखड. इथे कुजबुज कोणाला जमतच नाही. बातमी असेल ती मोठ्यानेच सांगावी लागते आणि चार घरं ती फुकटात ऐकतात.

"उपास धरलाय का?" मी विचारलं.

"कसला उपास! कबड्डीचे सामने आलेत. पुरुष गटाला ८५ किलोच्या वर चालत नाही आणि हा भरतोय ८७. म्हणून भर उन्हात स्वेटर घालून वऱ्हाळा तलावाकडे पळतोय. त्याच्या आईला म्हटलं, अगं त्या कुस्तीवाल्या विनेशचं काय झालं बघितलंस ना? २०२४ ची पॅरिस ऑलिंपिक, ५० किलोचा गट, थेट फायनलला पोचलेली पोरगी. रात्रभर घाम काढला, केससुद्धा कापले, तरी सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त! ती निदान ऑलिंपिकला गेली होती. ह्याला पलीकडच्या गावात खेळायचंय."

"पण उतरेल की दोन किलो."

"उतरेल ना, पण पाणी उतरेल. चरबी तिथेच. वजन झालं की हा दोन तांबे पाणी ढोसणार आणि पहिल्याच चढाईला पायात गोळे येणार. आमची मोठी सांगते, आठवड्याला अर्धा किलो उतरवावं, त्याहून घाई नको. सामन्याचा बॅनर महिन्याआधीच नाक्यावर लागला होता. तेव्हापासून रात्रीचे वडापाव बंद केले असते, तर आज आरामात पाणी पीत बसला असता."

काकूंची मोठी मुलगी आहारतज्ज्ञ आहे, कल्याणला असते. तिचा सल्ला सगळ्या गल्लीला मिळतो. काकूंच्या तोंडून मिळतो, त्यामुळे जरा तिखट होऊन मिळतो एवढंच.

"आणि तो पावडरचा डबा?"

"तो आहेच! केवढ्याला आणला ते विचारू नकोस. हैदराबादची ती राष्ट्रीय पोषण संस्था आहे ना, तिने २०२४ सालीच सांगितलंय, पावडरीच्या नादी लागू नका. साध्या माणसाला किलोमागे पाऊण ग्रॅमच्या जरा वर प्रथिनं पुरतात. वजनं उचलणाऱ्यालासुद्धा किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे खाऊन दंड आणखी फुगत नाहीत. आता तू सांग, ज्या घरात आठवड्यातून तीनदा मासळी शिजते, वालाचं बिरडं होतं, अंडी असतात, तिथे डबा कशाला? एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. पण अंडं काय, कोंबडीपण देते. डब्यावर दंड फुगवलेला गोरा माणूस असतो!"

मी हसले आणि तेच चुकलं, कारण काकू आता काकांवर आल्या. काकांच्या आहाराचा विषय आमच्या भिंतीवर २०१८ पासून चालू आहे. तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं वारं होतं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी पुढे नेलेली ती पद्धत: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा.

"ह्यांनी त्यातलं काय घेतलं, माहितेय? ५५ मिनिटं! साडेचार किलोमीटर कानामागे टाकले. आधी हे बारा मिनिटांत जेवून उठायचे. आता घड्याळ समोर ठेवतात. चौपन्नाव्या मिनिटाला म्हणतात, अजून एक मिनिट आहे, जरा श्रीखंड वाढ."

"पण काकू, वजन उतरलं होतं ना त्यांचं?"

"उतरलं होतं, मी नाही म्हणत नाही. दिवसभराची चिवडा-फरसाणाची येरझार थांबली, मग उतरणारच. पण त्याच वेळी धाकटी सून ऋजुता दिवेकरांचं वाचत होती. दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप सोडू नका, आपल्या मातीतलं खा. म्हणजे सासऱ्यांना दोनदाच आणि सुनेला दर दोन तासांनी. दोघांचं आपापल्या जागी बरोबर असेलही, पण ओट्यापाशी उभी कोण? मी!"

मग आवाज थोडा खाली आला, म्हणजे आता फक्त दोन घरांना ऐकू जात असेल. "तरी एक सांगते, त्या कोपऱ्यावरच्या आजोबांसारखं करू नये कोणी. साखरेची गोळी घेतली आणि जेवण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून बंद केलं. चक्कर येऊन रिक्षात घालून न्यावं लागलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवायची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरला विचारायचं, मग काय ते जेवण सोडायचं."

"आमच्याकडे तो प्रश्नच नाही," मी म्हटलं. "आमचे हे बारीकच आहेत."

"बारीक!" काकूंनी माझ्या नवऱ्याच्या वाळत घातलेल्या शर्टाकडे असं बघितलं की मलाच तो झाकावासा वाटला. "हात-पाय बारीक आहेत. पोट बघितलंस? पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आहेत ना, त्यांनी आणि एका इंग्रज डॉक्टरने शेजारी उभं राहून फोटो काढला. २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या २१.२! म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप खरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०."

मी विषय बदलायला समोरच्या कारखान्याकडे बोट केलं. पाळी बदलत होती आणि कारीगर भिशीकडे, म्हणजे त्यांच्या खानावळीकडे, निघाले होते. महिन्याचे पैसे ठरलेले. डाळ, भात, रोटी, भाजी.

"ते बघ," काकू म्हणाल्या, "बारा तास लूमवर उभे आणि जेवण दोनदाच. कोणी त्याला डाएट म्हटलं का? भूक मारायला मधे कटिंग. एका कटिंगात दोन चमचे साखर, म्हणजे दहा ग्रॅम. पाच कटिंग झाले की पन्नास. ती हैदराबादची संस्था म्हणते दिवसाला वरून घातलेली साखर २०-२५ ग्रॅम पुरे. पण त्यांना साखर कमी करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आधी भिशीच्या ताटात रोज एक अंडं पडू दे, जेवायला धड अर्धा तास मिळू दे."

ह्यावर मला काही बोलता आलं नाही. गल्लीतल्या कुठल्याच आहारचर्चेत तो कारखाना येत नाही, फक्त त्याची खडखड येते.

"तुमची कंबर किती भरली मग?" मी विचारून टाकलं.

"९४." काकूंनी जराही न लाजता सांगितलं. "मोठीने मापली. म्हणाली, आई, तू दिवसभर काय खातेस ते लिही. लिहिलं तर काय निघालं? सकाळी चहा-बटर. दुपारी सगळे उठल्यावर उरलेला भात. रात्री साडेदहाला पुन्हा उरलेला भात, कारण टाकवत नाही. सुनेच्या डब्यातले परत आलेले खजूर, ह्यांच्या वाटीतलं श्रीखंड. घरातल्या प्रत्येकाचं डाएट मीच संपवत होते! मग सोमवारी ह्यांना सांगितलं, तुमच्या ५५ मिनिटांत मीपण बसणार. ताट वाढून, समोर."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, मग गरम भाकरी? मी म्हटलं, तवा आहे, पीठ आहे, उकड काढून ठेवलीय."

"आणि?"

"थापली. पहिली तव्याला चिकटली, दुसरी माझ्या ताटात वाढली. तिसरी मात्र चांगली फुगली हो, त्यांना हाक मारून सगळ्यांना दाखवायची होती. मी म्हटलं, आधी खा, ३१ मिनिटं झालीत."