भेंडीची बदनामी

भेंडीने कुणाचं काय घोडं मारलं होतं, कळत नाही. भोपळ्याच्या नावावर परीक्षेतलं शून्य आहे, गाजर निवडणुकीत दाखवायला लागतं. पण ती बदनामी निदान चारचौघांत बोलता येते. भेंडीचं तसं नाही. कट्ट्यावर कुणाची बाइक सुरू होत नसते. पोराच्या मनात वेगळाच शब्द असतो, पहिलं अक्षर तोंडातून सुटलेलंही असतं. तेवढ्यात समोरून शेजारच्या काकू येतात आणि उरलेलं काम भाजी निभावते: ‘भेंडी!’ काकूंना सगळं कळतं. त्या फक्त पिशवी सावरतात.

गाण्याच्या भेंड्यांतही अक्षर अडलं की भेंडी चढते, म्हणजे हरल्याची खूण हीच. संगीतात अब्रू राखली ती भेंडीबाजार घराण्याने. त्यातल्या अमान अली खाँसाहेबांकडे लता मंगेशकर शिकल्या. पण ती भेंडी भाजीची नव्हे, त्याच नावाच्या झाडाची, असं म्हणतात. गेलं तेही श्रेय!

मंडईत ‘भेंडी कशी दिली?’ विचारलं तर मावशी सरळ भाव सांगतात. तो ऐकून गिऱ्हाईक पुन्हा ‘भेंडी!’ म्हणतं, तेव्हा मात्र वजनकाट्यावरचा हात थांबतो.