लेन्सवाले काका

बुलडाणा, चिखली, मेहकर, कुठलंही गाव घ्या. निवृत्तांच्या प्रत्येक कॉलनीत एक लेन्सवाले काका असतातच. नोकरीत असेपर्यंत त्यांना कावळा आणि चिमणी एवढे दोनच पक्षी ठाऊक. उरलेली सगळी पाखरं. मग ग्रॅच्युइटी येते. घरच्यांच्या मनात वरचा मजला असतो, काकांच्या मनात दीडशे ते सहाशेची झूम लेन्स. वरचा मजला राहून जातो.

जिल्ह्यात फिरायला जागा कमी नाही. लोणारचं सरोवर 2020पासून रामसर यादीत आहे, ज्ञानगंगा अभयारण्य तर बुलडाण्याच्या उशालाच. पण काका जात नाहीत. "2019मध्ये टिपेश्वरचा वाघ तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला. ज्याला यायचं तो येतो. आपण कशाला जायचं?" खरं कारण गुडघे. म्हणून परसात खुर्ची मांडली जाते, आणि येतो तो चिरक.

चिरक म्हणजे इंडियन रॉबिन, चिमणीएवढा पक्षी. नर काळा कुळकुळीत, खांद्यावर पांढरा पट्टा, शेपटी सदा उभारलेली, मादी मातकट. वऱ्हाडच्या उन्हात काळ्या पक्ष्याचा फोटो काढणं सोपं नाही. काकांच्या संग्रहातले बहुतेक चिरक पडद्यावर सांडलेल्या शाईसारखे दिसतात. त्यात हा पक्षी धीट. चार फुटांवर येऊन बसतो. एवढ्या जवळचं काकांच्या लेन्सला दिसत नाही. तो एक उडी पुढे येतो, काका एक पाऊल मागे जातात, आणि शेवटी ट्रायपॉडसकट वाळत घातलेल्या कुरडयांत उभे राहतात.

पाहुण्याने "दयाळ का हा?" असं विचारलं, की चहा लांबतो. दयाळाचं पोट पांढरं असतं, हे पटल्याशिवाय कप पुढे येत नाही. लंडनहून आलेला पुतण्या म्हणाला, "आमच्याकडच्या रॉबिनची छाती लाल असते." काका उसळले. "माहीत आहे. ख्रिसमसच्या कार्डावर तोच असतो. आपल्या चिरकालाही तांबूस रंग आहे, पण शेपटीखाली. छातीवर मिरवत नाही. संस्कार!"

नोव्हेंबरात 5 ते 12 पक्षी सप्ताह असतो: मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेव्हा काकांना शाळेतून बोलावणं येतं. चिरक डावीकडून, चिरक उजवीकडून, चिरक नुकताच उडून गेलेली फांदी. मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, दुसरा पक्षी कधी येते?"

विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. आरशातलासुद्धा. स्कूटरच्या आरशावर तो चोचीने तुटून पडला, तेव्हा काकांनी आरशांना मोजे घातले. बाजारातही ते तसेच जातात. "काका, गाडीला थंडी वाजते काय?" या प्रश्नाला ते पक्ष्यांच्या हद्दीवरच्या व्याख्यानाने उत्तर देतात. विचारणारा पुन्हा विचारत नाही.

खरी कसोटी चैत्रात. चिरक घरटं करतो ते भिंतीच्या भोकात, दगडाच्या सांदीत, अडगळीत. यंदा मादीने कूलर निवडला. काकू नव्या वाळ्याच्या ताट्या घेऊन आल्या आणि काका कूलरपुढे आडवे झाले. आत अंडी होती. मादी एकटीच उबवते, हे काकांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं.

"मीही या घरात एकटीनंच केलं सगळं," काकू म्हणाल्या. "माझ्यासाठी कधी कूलर बंद ठेवला?"

त्यातच पुण्याचे जावई आले. पारा बेचाळिसावर. सासऱ्यांनी त्यांच्या हातात विंझणा दिला आणि हळू वारा घ्यायला सांगितलं. आवाजाने मादी बिचकते. जावई दोन दिवसांत "ऑफिसचं काम" आठवून परतले. काकूंनी अबोला धरला. काकांना तो सोयीचा पडला, मादी आणखी निर्धास्त झाली.

अखेर पिल्लं उडाली, कूलर सुरू झाला. त्या घरघरीला कंटाळून चिरकाच्या जोडीने शेजारच्या आवारात बस्तान हलवलं. संध्याकाळी काका खुर्ची आणि ट्रायपॉड घेऊन शेजाऱ्यांच्या फाटकाशी हजर. शेजारी तेव्हा कूलरच्या फटींत चिंध्या कोंबत होते.