काकूची लादी

आमच्या गुहागर तालुक्यातल्या घराच्या सातबाऱ्यावर एकवीस नावं आहेत. त्यांतली नऊ कैलासवासी, चार अमेरिकावासी. सह्या गोळा करताना कैलासवासी मंडळींचं काम तुलनेनं लवकर झालं. सर्वांत शेवटी राहिली काकू, कारण ती त्या घरात प्रत्यक्ष राहत होती.

घर शंभरीच्या पुढचं. जांभ्याच्या भिंती, फणसाचे खांब, वर मंगलोरी कौलं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे गोठा. हे पाडून स्लॅब टाकायचा नाही, जुन्याच पद्धतीनं नीट करायचं आणि शहरात दमलेल्या लोकांना सुटीत राहायला द्यायचं, असं मी पुण्यात बसून ठरवलं होतं. याला 'सस्टेनेबल' म्हणतात, असं मी काकूला सांगितलं.

"म्हणजे किती खर्च?" काकूनं विचारलं.

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात नवीन होईल की रे!"

तिला समजावायला दुपार गेली. शेवटी ती म्हणाली, "सही करते. पण मला परसात स्लॅबच्या दोन खोल्या बांधून दे. खाली लादी, गिझर, आणि संडास खोलीच्या आत. पन्नास वर्षं पावसात छत्री घेऊन परसात गेल्ये मी." मी कबूल झालो. तेवढी तडजोड तत्त्वाच्या माणसालाही करावी लागते.

आमचे आर्किटेक्ट तरुण आणि श्रद्धाळू. लॉरी बेकर हे त्यांचं दैवत. आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंनी बांधावं, असं गांधीजींनी बेकरना सांगितलं होतं. आर्किटेक्टनी पहिल्याच भेटीत मला हे तीनदा सांगितलं. मी हळूच कौलांकडे बोट दाखवलं. मंगलोरात बासल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ही लाल कौलं साऱ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या 'अस्सल कोकणी' छपराचं मूळ असं निघतं. आर्किटेक्ट म्हणाले, "ती आता वारशात धरायची."

जांभा मात्र पाच मैलांतला. याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं 1807 मध्ये दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. आमच्या घराण्यातल्या पुरुषांचं नेमकं उलटं आहे. घरात कडक, बाहेरची हवा लागली की मऊ. असो. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की पाणी आत कोंडतं आणि भिंतीला पोपडे धरतात. म्हणून गिलावा चुन्याचाच हवा. चुना भिजत घातला, त्यात गुळाचं पाणी, मेथी आणि डिंक पडला. काकू घमेल्यात डोकावली.

"गूळ, मेथी, डिंक. कोण बाळंत झाली रे?"

चुन्याची भट्टी जमणारे कारागीर तालुक्यात उरले नव्हते. ते राजस्थानातून आले. पाच मैलांचा हिशेब आर्किटेक्टनी तिथून पुढे काढला नाही.

खरा पेच जमिनीचा. काकूनं पंधरा वर्षांपूर्वी आमसुलं आणि सुपारी विकून ओटीला, माजघराला लादी बसवून घेतली होती. त्याआधी दर आठवड्याला गुडघ्यावर बसून सारवण तिच्याच नशिबी होतं. आता मी आणि आर्किटेक्ट तिच्यासमोर उभे राहून सांगत होतो, की लादी उखडून पुन्हा शेणाची जमीन करायची आहे. पाहुणे त्याचेच तर पैसे देणार.

काकू बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि सारवणार कोण?"

हा प्रश्न आराखड्यात नव्हता.

शेणही नव्हतं. गावात गुरंच उरली नाहीत, दूध पिशवीतून येतं. आमच्या गोठ्यात तर डबलबेड पडला होता. सगळीकडे फोनाफोनी केल्यावर शेण कुंभार्ली घाट उतरून टेम्पोनं आलं. भाड्याची पावती मी अजून जपून ठेवली आहे. निघालेल्या लाद्यांपैकी जेवढ्या अख्ख्या राहिल्या तेवढ्या काकूनं मोजून घेतल्या आणि स्वतःच्या नव्या खोल्यांत बसवल्या. सगळ्या कामात खराखुरा पुनर्वापर झाला तो एवढाच, आणि तो आमच्या माहितीपत्रकात नाही.

मे महिन्यात घर सुरेख दिसत होतं. बाहेर घामाच्या धारा आणि माजघरात गारवा. पाहुणे खांबांना टेकून फोटो काढत. एक बाई सारवलेल्या ओटीवर डोळे मिटून बसल्या आणि "किती ग्राउंडेड वाटतं!" म्हणाल्या. काकूनं मला कानात विचारलं, "पाट देऊ का त्यांना?"

मग आगोट आली. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा, माझा अंदाज, पाहुणे जेवायला बसले की पडतो. कौलं शाकारून घेतली होती, पण वानरांना वारसा कळत नाही. त्यांची एक टोळी छपरावरून आंब्यावर गेली आणि सात कौलं फुटली. रात्री माजघरात तीन ठिकाणी पातेली लागली. सारवणाला ओल सुटली. मग दिवे गेले, कंदिलाच्या उजेडात भिंतीवरची पाल तिप्पट मोठी दिसायला लागली, आणि पुण्याहून आलेल्या चौघांच्या कुटुंबानं, ज्यांनी बुकिंग करताना 'अस्सल अनुभव' हा शब्द मला दोनदा लिहून पाठवला होता, परसातल्या उजेडाकडे बघितलं. काकूकडे इन्व्हर्टर आहे.

ते चौघे रात्री साडेदहाला उश्या घेऊन तिच्याकडे गेले. सकाळी गिझरच्या पाण्यानं आंघोळ करून, लादीवर अनवाणी फिरत चहा पीत होते. काकूनं त्यांचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, पहिली वेळ आहे.

पुढच्या वेळेपासून घेते. आमच्या घराचा दर रात्रीला 4,500 रुपये आहे, काकूच्या खोलीचा 5,000. तिची खोली दिवाळीपर्यंत भरलेली आहे. वाचकांपैकी कुणाला यायचं असल्यास आमच्याकडे जागा आहे. येताना छत्री आणा.